चोवीस शब्दांची भेट

बेंगळुरू,
१० जून २०२४

आदरणीय आबाजी,
सविनय जयभीम.

शुक्रवारी माझ्या नोकरीला वर्ष पूर्ण झालं. ऑफिसात केक कापला, फोटो काढले, आणि मला मात्र सारखी तुमची आठवण येत होती. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर नुसतं "हॅलो, कोण? जोरात बोल!" म्हणता आणि ठेवून देता. पोलाद कारखान्यातल्या रेल मिलच्या आवाजानं तुमचे कान नेले, त्यात माझा फायदा एवढाच झाला की मला पत्र लिहिता येतं. इथल्या मैत्रिणी मला हसतात. हसू देत.

वर्षभराच्या कमाईतून तुमच्यासाठी एक भेट घेतली आहे. या पाकिटात कार्ड आहे, त्यावर मी माझ्या हातानं चोवीस इंग्रजी शब्द लिहिलेत. ते जपून ठेवा. मागून कुरिअरनं एक छोटा डबा येईल. त्यात सगळं समजावून लिहिलं आहे. दोन्ही वस्तू एकाच पाकिटात पाठवायच्या नसतात, म्हणून वेगळ्या पाठवते. पाकिटात जास्त लिहीत नाही.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
दीक्षा

*

हुडको, भिलाई,
१८ जून २०२४

प्रिय दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. डबा अजून आला नाही. कुरिअरवाला बहुतेक पायी निघाला असावा. पण डब्याची घाई नाही. भेट मिळाली आणि अशी भेट या कॉलनीत आजवर कोणाला आलेली नाही.

पोरंबाळं बाहेरगावी नोकरीला लागली की आईबापांना मिक्सर पाठवतात, साडी पाठवतात. शामरावच्या थोरल्यानं मसाजची खुर्ची पाठवली, त्यात शामराव बसला की त्याचे दात वाजतात. माझ्या नातीनं मात्र शब्द पाठवले! आणि किती? चोवीस! मी कार्ड उलटसुलट पाहिलं, मोजले आणि लगेच समजलो. धम्मचक्राला आऱ्या किती? चोवीस. एकेका आरीला एकेक शब्द. पोरगी कॉम्प्युटरवर बसली तरी चक्र विसरली नाही, म्हणून ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, रडलोही.

आता इतकं मोठं काम एकट्यानं खिशात घालून बसणारा मी नाही. आपल्याकडे बाहेर गेलेल्या पोरांचं पत्र रविवारी विहारात वाचायची पद्धत तुला माहीतच आहे. वंदना झाली, बावीस प्रतिज्ञा झाल्या आणि मी उभा राहिलो. आधी तुझं पत्र वाचलं, मग कार्ड. चोवीसच्या चोवीस शब्द, एकेक थांबून. माझं इंग्रजी शिफ्ट, गेटपास आणि ब्रेकडाउनपुरतं, म्हणून दोनतीन ठिकाणी अडखळलो, तेव्हा बेबीताई खालून सांगत होती. होप, ब्रेव्ह, विस्डम, स्टील! 'स्टील' म्हणालो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या ऐकू येत नाहीत, पण हात दिसतात.

एक विचारतो. डाँकी आणि ओनियन हे दोन कशाला टाकलेस? देवराव म्हणाला, "गाढव कावून टाकलं जी पोरीनं?" बेबीताईनं त्याला तिथंच गप्प केलं. म्हणाली, "गाढव म्हंजे कष्ट. अन् कांदा म्हंजे, सोलत जा, आत पुन्हा कांदाच. अभ्यास तसाच असते!" सगळ्यांना पटलं.

बेबीताईनं आपल्या मुलांच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गासाठी पुठ्ठ्यावर मोठं चक्र काढलं आहे, आऱ्यांवर तुझे शब्द. विहाराच्या भिंतीवर लावलं. मुलं रोज पाठ म्हणतात. शामरावच्या मोहितनं तर मी वाचत असतानाचा व्हिडिओ काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तू शाळेत त्याच्या वर्गात होतीस ना? आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

दीक्षा, माझी मान इतकी उंच झाली आहे की हुडकोतल्या घराच्या दारातून आत शिरताना वाकावं लागतं.

तुझा,
आबाजी

*

बेंगळुरू,
२२ जून २०२४

आदरणीय आबाजी,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी हे करा: हे पत्र संपायच्या आधी विहारात जा आणि ते चक्र भिंतीवरून उतरवा. मग येऊन पुढचं वाचा.

उतरवलंत? आता ऐका. चूक तुमची नाही, माझी आहे. डबा आधी यायला हवा होता.

ते शब्द म्हणजे भेट नाही, भेटीची किल्ली आहे. मी तुमच्यासाठी बिटकॉइन घेतले. तेही पैसेच, पण नोटा नाहीत आणि बँकेतही नाहीत. त्यांची नोंद जगभरच्या कॉम्प्युटरांवर असते. ज्याच्याकडे ते चोवीस शब्द, तो त्यांचा मालक. डब्यात अंगठ्याएवढं मशीन आहे. त्यात ती किल्ली सुरक्षित राहते, आणि मशीन बिघडलं तर कार्डावरच्या शब्दांनी नव्या मशीनमध्ये ती परत आणता येते. शब्द मशीननंच निवडले, मी नाही. गाढव आणि कांदा त्यानंच टाकले. धम्मचक्राचं माझ्या मनातही नव्हतं, आबाजी. असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे आता ज्यानं ज्यानं तो व्हिडिओ पाहिला, त्या प्रत्येकाला तुमचे पैसे उचलता येतात. कुलूप तोडायला नको, की तुमच्या घरी यायला नको.

मीच ते पटकन दुसरीकडे हलवले असते, पण माझ्याकडे शब्दांची नक्कल नाही. मुद्दाम ठेवली नाही. नक्कल माझ्याकडे राहिली तर ती भेट कसली? कॉलनीच्या ग्रुपमध्ये मी नाही, आणि कोणाकडून व्हिडिओ मागवला तर तो का हवा हे आणखी एकाला कळेल. मला फक्त बाहेरून दिसतं की पैसे जागेवर आहेत. मी दर तासाला बघते आहे. आज दुपारपर्यंत आहेत.

बारा जुलैला सुट्टी घेऊन येते. तोवर मशीनला हात लावू नका, कोणाला काही सांगू नका, आणि कोणत्याही मोबाइलच्या दुकानात तर मुळीच जाऊ नका. बाबांनाही बिलासपूरला कळवू नका, ते उगाच चिडतील.

ते फक्त पैसे नाहीत. तुम्ही मला पहिल्यांदा स्टेशनवर सोडायला आलात तेव्हा म्हणाला होतात, "जे कमावशील ते तुह्यं." मला तुम्हाला असं काहीतरी द्यायचं होतं, जे फक्त तुमचं असेल. ते असं जायला नको.

दीक्षा

*

हुडको, भिलाई,
२७ जून २०२४

प्रिय दीक्षास,
जयभीम.

चक्र उतरवलं. बेबीताईला सांगितलं की पुठ्ठ्याला वाळवी लागते आहे. आयुष्यात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि तिनं लगेच पुठ्ठ्यावर औषध मारून आणलं! मोहितनं व्हिडिओ पुसला. पण मुलांच्या डोक्यातून कसं उतरवणार? काल संध्याकाळी बागेजवळून चाललो होतो, तर नीतू नावाची चिमुरडी घसरगुंडीवर चढून तुझे शब्द म्हणत होती. कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं. गाढवापर्यंत बरोबर होते.

डबाही आला. मशीन पाहिलं. एवढंसं. आमच्या मिलमध्ये एवढा नट पडला तर कोणी वाकून उचलत नाही.

घाबरू नकोस असं सांगणार होतो, पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला लागली. तू लिहितेस, प्रत्येकाला पैसे उचलता येतात. येतात, कबूल. पण उचलतील, असं तुला का वाटलं? याच लोकांनी तुझ्या परीक्षेच्या वेळी आपल्या घरचे टीव्ही बंद ठेवले. तुझा निकाल लागला तेव्हा पेढे त्यांनी वाटले, मी नाही. मी चौतीस वर्षं रेल मिलमध्ये काढली. तिथं माझा डबा उघड्या रॅकवर असायचा. कोणी भाजी चाखली असेल, पण डबा कधी गेला नाही.

तरीही तू म्हणतेस ते समजतं. किल्ली सर्वांना दाखवून कुलूप लावण्यात अर्थ नाही. मी बघतो काय करायचं ते. म्हणजे काही करत नाही. तू ये.

आबाजी

*

बेंगळुरू,
३ जुलै २०२४
(हे पत्र टाकलं नाही.)

आबाजी,

गेले. सगळे गेले.

परवा, एक तारखेला, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी तुमच्या नावचं सगळं एका अनोळखी पत्त्यावर निघून गेलं. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन बघितलं तर शून्य. पुन्हा पुन्हा उघडून बघितलं.

कोणी नेले ते मला कळतं आहे असं वाटतं. व्हिडिओ कोणी काढला? मोबाइलचं दुकान कोणाचं? असल्या गोष्टी त्या कॉलनीत दुसऱ्या कोणाला समजतात? काल मोहितनं नवीकोरी मोटरसायकल घेऊन फोटो टाकला. मी तो फोटो मोठा करून पाहिला, आबाजी, चोराचा चेहरा बघावा तसा. ज्याच्या डब्यातली चटणी मी चार वर्षं खाल्ली त्याचा.

तुम्ही म्हणाला होतात, उचलतील असं का वाटलं. आता तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू की उचलले? तुम्ही एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे व्हाल. पैशांसाठी नाही. पुढच्या रविवारी विहारात गेल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या तोंडाकडे बघाल, माझ्यासारखे.

नाही. हे मी तुम्हाला पाठवणार नाही.

*

बेंगळुरू,
४ जुलै २०२४

आदरणीय आबाजी,
सविनय जयभीम.

सगळं ठीक आहे. उगाच घाबरले होते. ऑफिसातल्या एका जाणकारानं उपाय सांगितला आणि काम झालं. सोबत नवीन मशीन आणि सीलबंद पाकिटात नवे शब्द पाठवते. जुन्यातलं सगळं या नव्यात आणून ठेवलं आहे. जुनं मशीन आता रिकामं आहे, ते कपाटात टाकून द्या, उघडूनही बघू नका. हे पाकीट मात्र विहारात वाचू नका!

बाराला येणं जमत नाही, सुट्टी नामंजूर झाली. दिवाळीत बघू.

तुमचं म्हणणं बरोबर होतं. आपली माणसं आपली माणसं आहेत.

तुमची,
दीक्षा

*

हुडको, भिलाई,
१२ जुलै २०२४

प्रिय दीक्षास,
जयभीम.

तुझं पार्सल मिळालं. पाकीट उघडलं नाही.

तू लहानपणी खोटं बोलताना उजव्या पायाचा अंगठा वर करायचीस. पत्रात अंगठा दिसत नाही, पण "सगळं ठीक आहे" हे वाक्य दिसतं. तू जुन्यातलं नव्यात आणलंस म्हणतेस. ते कसं आणलंस बाई? जुनं तर सगळं माझ्याकडे आहे! आत्ता तपासून लिहायला बसलो आहे. एक कण कमी नाही.

तू मला काही करू नका म्हणालीस आणि मी केलं. तू आल्यावर समोर बसवून सांगणार होतो. पत्रात लिहायलाही मनाई होती: "आबाजी, चिठ्ठीत काही लिहू नका, चिठ्ठी कोनी बी वाचते." असं सांगणारा कोण, तर मोहित.

तुझं पत्र आलं त्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मोहितला घरी बोलावलं. दुकानात गेलो नाही, तेवढं तुझं ऐकलं. त्याला सगळं सांगितलं. पोराचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "म्या व्हिडिओ टाकला, म्याच निस्तरतो. पन मले आधी शिकू द्या." चार दिवस त्यानं दुकान अर्धा वेळ बंद ठेवून ती विद्या शिकून घेतली. एक तारखेला दुपारी आम्ही बसलो. मशीन पुसलं, म्हणजे आतलं सगळं काढून टाकलं, मग मशीननं नवे चोवीस शब्द दिले, ते मी लिहून घेतले. पुन्हा पुसून जुने शब्द घातले, पैसे नव्या ठिकाणी धाडले. तिसऱ्यांदा पुसून नवे शब्द घातले. दोनच बटणं, आणि एकेक अक्षर शोधायचं. माझी बोटं म्हणजे गाजरं. तीन तास लागले.

आणि मोहितनं काय केलं सांगू? नवे शब्द दिसायची वेळ आली की उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मी म्हटलं, अरे, मला अक्षर बारीक दिसतं, जरा वाचून दे. तर तसाच पाठमोरा म्हणाला, "नाई आबाजी. मले माहीत झालं तं उद्या काई झाल्यावर तुमी माह्याकडं पाहान. मी पाहू देनार नाई." मी भिंग आणलं. एका शब्दाला पंधरा मिनिटं गेली, तोवर तो पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा.

मग मी ते शब्द पत्र्यावर ठोकले. मिलमध्ये रुळांवर नंबर ठोकायचं काम माझं होतं, हातोडी आणि अक्षरांचे पंच अजून घरी आहेत. कागद जळतो, भिजतो. माझं ठोकलेलं अक्षर पन्नास वर्षं वाचता येतं, कोणत्याही रुळावर जाऊन बघ.

आता तू खरं सांग. तुला जुनं रिकामं दिसलं ना? मग नव्यात जे आहे ते कुठून आणलंस?

आबाजी

*

बेंगळुरू,
१७ जुलै २०२४

आबाजी,

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं.

हो. मला रिकामं दिसलं. मला वाटलं चोरी झाली. स्कूटीसाठी साठवलेलं होतं, ते काढून तेवढंच पुन्हा घेतलं, की तुम्हाला कधी कळू नये. त्याचं मला काही वाटत नाही. दुसऱ्या गोष्टीचं वाटतं.

सोबत एक पत्र आहे, तीन तारखेचं. टाकलं नव्हतं. फाडून टाकणार होते. पण तुम्ही खरं विचारलंत, तर अर्धं खरं कशाला सांगू? वाचा. त्यात मी मोहितला चोर म्हटलं आहे. ज्या वेळी मी त्याचा फोटो मोठा करून बघत होते, त्याच्या आदल्याच दिवशी तो तुमच्या घरात भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. मी इथं लोकांना अभिमानानं सांगते, आमची कॉलनी अशी, आमचा विहार असा. आणि वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्यावरच बोट ठेवलं.

तुम्ही मला रागवा. जे मनात येईल ते लिहा.

दीक्षा

*

हुडको, भिलाई,
२४ जुलै २०२४

प्रिय दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

रागावलो. एक दिवस पुरता रागावलो. जेवलो नाही, बेबीताईनं विचारलं तर पोट बिघडलं म्हणालो. तुझ्यामुळे माझं खोटं बोलणं वाढतं आहे.

मग तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली, तीन तारखेचं आणि चार तारखेचं. तीन तारखेला तू शंका घेतलीस. चार तारखेला तीच शंका गिळून, स्वतःची स्कूटी मोडून, मला लिहिलंस की आपली माणसं आपली आहेत. म्हातारा कडू होऊ नये, विहारात त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून. शंका कोणाला येत नाही? मला आली नव्हती असं समजू नकोस. मोहितला बोलावलं त्या दिवशी मीही दार आतून लावून घेतलं होतं. पण आलेली शंका गावभर न वाटता आपल्या खिशातून तिची किंमत भरणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. एक पाहिली. ती माझी नात आहे. मला तुझा पगाराचा दिवस नको, निकालाचा दिवस नको. मला या चार तारखेचा अभिमान आहे.

ती मोटरसायकल त्याच्या भाऊजींची. मी विचारलं नव्हतं, मागे बसून विहारात जाताना त्यानंच सांगितलं.

दुसरं मशीन याच पार्सलमध्ये परत पाठवतो, पाकिटाचं सील तसंच आहे. ते तू भीतीनं घेतलं होतंस, आणि भीतीची भेट मी ठेवून घेत नाही. त्याची स्कूटी कर आणि तिचा फोटो मला पाठव, मोठा करून बघायला. पहिलं मशीन माझं. ते मी कोणाला देत नाही, मागूही नकोस.

आता शेवटचं. मोहितनं मला विचारलं, "आबाजी, तुमी गेल्यावर हे कोनाले भेटन?" खरं आहे. शब्द माझ्यासोबत गेले तर सगळंच गेलं. म्हणून मी पत्र्याचे दोन तुकडे केले. पहिले बारा शब्द बेबीताईकडे. तिला काय आहे ते सांगितलं नाही, फक्त म्हणालो, दीक्षाचं आहे. तिनं विचारलं नाही, बुद्धाच्या फोटोमागे ठेवलं.

दुसरे बारा मोहितकडे. त्याला सगळं माहीत आहे आणि तुझं तीन तारखेचं पत्र मी त्याला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. ते तू सांगायचं की नाही, ते तुझं.

नुसत्या बारा शब्दांनी काही उघडत नाही. म्हणजे मी गेल्यावर तुला हे हवं असेल तर बेंगळुरूहून बसून चालणार नाही. हुडकोत यावं लागेल, दोन घरी जाऊन हात पुढे करावा लागेल.

आधी मोहितच्या घरी जा.

तुझा,
आबाजी